भीमाकाठ (लेखांक 6) : सरहद्दीवरचं पेडगाव

पाटसहून दौंड गाठायचं, भीमेवरचा पूल ओलांडायचा आणि नदीच्या काठानं पूर्वेकडे जायचं, की पेडगावचा भुईकोट लागतो. नदीमुळे पुणे जिल्हा अलीकडेच संपतो. किल्ला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात मोडतो. सतराव्या शतकात हे दोन काठ म्हणजे दोन राज्यांच्या हद्दी होत्या. अलीकडे सुपे, इंदापूर ही भोसल्यांची जुनी जहागीर आणि पलीकडे मोगलाई.

औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश 1672 च्या सुमारास दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि त्यानं इथं तळ ठोकला. किल्ला त्याच्याच नावानं बहादूरगड झाला. पुढची जवळपास 40 वर्षं मोगलांचं दख्खनमधलं हे एक मोठं ठाणं होतं. एवढ्या फौजेला, घोड्यांना नि हत्तींना पाणी कुठून पुरवायचं? उत्तर नदीकडच्या तटाशी उभं आहे. तिथल्या उंच बांधकामाला लोक हत्तीमोट म्हणतात. बैलांऐवजी हत्ती जुंपून भीमेचं पाणी वर खेचायचं आणि पाटानं आत न्यायचं, अशी ती सोय. मला या किल्ल्यात सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथं. लढाईचं वर्णन बखरीत सापडतं. छावणीचा रोजचा संसार कसा चालायचा, हे अशा दगडांनाच विचारावं लागतं.

किल्ला मोगलांनी नांदता केला, पण गाव त्याहून कितीतरी जुनं. तटाच्या आत लक्ष्मीनारायण, मल्लिकार्जुन, रामेश्वर, बाळेश्वर अशी यादवकालीन घाटणीची मंदिरं आहेत. लक्ष्मीनारायणाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी उन्हं कलल्यावर पाहाव्यात. तिरप्या उजेडात कोरीव कामाची खोली जास्त उठून दिसते.

शिवराज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला. महिनाभरानं, ऐन पावसाळ्यात, मराठ्यांचे 2,000 स्वार पेडगावच्या रोखानं आले. खान फौज घेऊन त्यांच्या मागे लागला आणि हे स्वार त्याला हुलकावण्या देत लांब घेऊन गेले. तेवढ्यात 7,000 ची दुसरी तुकडी वेगळ्या वाटेनं मोकळ्या छावणीवर तुटून पडली. एक कोटीचा खजिना आणि बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले 200 उमदे घोडे घेऊन मराठे निघून गेले, तंबूही जाळले. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी हा प्रसंग नोंदवला आहे. शिवरायांच्या चातुर्याची इतकी चोख गोष्ट आपल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते, याची मला खंत वाटते.

कारण पेडगाव म्हटलं की मन थेट 1689 कडे जातं, आणि ते स्वाभाविक आहे. संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना फेब्रुवारीच्या मध्याला इथंच औरंगजेबापुढे आणलं. इथंच त्यांची विटंबना झाली. मग बादशहाची छावणी भीमेच्या काठानं वर सरकली आणि 11 मार्चला तुळापूर परिसरात शंभूराजांची हत्या झाली. आज गडाला धर्मवीरगड म्हणतात. फाल्गुनात लोक इथं माती कपाळी लावायला येतात. त्या भावनेपुढे मी हात जोडतो. पण स्मारक उभारताना हत्तीमोट नि मंदिरांचीही तेवढीच निगा राखली जावी, असं माझं ठाम मत आहे.

स्मारकात रोजचं जगणं कसं दाखवावं, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या केंटकीत आहे. वाटाड्या डॅनियल बूननं 1775 मध्ये नदीकाठी बून्सबरो नावाची वसाहत वसवली, 1778 मध्ये तिला वेढा पडला आणि पुढे ती ओस पडली. 1974 मध्ये तिथं लाकडी किल्ला नव्यानं बांधला. आत जुन्या पद्धतीनं कातकाम, लोहारकाम करून दाखवतात. रोजचं जगणं दाखवण्याची ही रीत आपण जरूर घ्यावी. मात्र त्यांना किल्ला नव्यानं उभारावा लागला, कारण लाकूड टिकलं नाही. आपल्याकडे मूळ दगड अजून जागेवर आहेत. तटात रुजलेली झाडं मुळासकट काढणं, ढासळलेला चिरा त्याच जागी बसवणं आणि हत्तीमोटेपाशी पाणी कसं चढायचं याची आकृती असलेली एक पाटी लावणं, एवढं तरी पहिल्यांदा व्हायला हवं. गावातली तरुण मंडळी आणि दुर्गप्रेमी संस्था यांच्या हाताला पुरातत्त्वाच्या जाणकारांची जोड मिळाली, तर यातलं काहीच अवघड नाही.

पुढच्या लेखांकात भीमेच्या काठानं वर, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला जाऊ.