जोत्यापूर्वीचा अधिकार (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण बिनशेती परवानगीचा विचार केला. परंतु जमीन बिनशेती झाली की तिच्यात कुदळ मारण्यास मोकळीक मिळाली, असा जो समज भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत आजही सर्रास आढळतो, तो मुळापासून दूर झाला पाहिजे. जमिनीचा वापर बदलण्याची इजाजत महसूल कायद्याखाली मिळते. बांधकामास हात घालण्याची इजाजत 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली मिळते, आणि तिचा दस्तऐवज म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. त्याची मुदत एक वर्षाची असून पुढे ती वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते. हा कागद भोर शहरात नगरपरिषद देते, गावठाणात ग्रामपंचायतीकडे जावे लागते, 2015 साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत जी गावे आली त्यांच्यासाठी प्राधिकरणाची कचेरी आहे, आणि उरलेल्या गावांचा प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी जातो.

बांधकामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची खरी सत्ता जोत्यापर्यंत असते. फक्कीने आखणी झालेली आहे, चर खणलेले आहेत, दोऱ्या ताणलेल्या आहेत, गवंडी ओळंबा हाती घेऊन उभा आहे, अशा वेळी मंजूर नकाशा आणि टेप घेऊन आलेला अभियंता जर म्हणाला की शेजारच्या हद्दीपासून सोडावयाचे अंतर दोन हातांनी कमी पडते, तर दोरी सरकवण्यास अर्धा तास लागतो. तेच अंतर स्लॅब पडल्यानंतर ध्यानात आले, तर नोटीस, सुनावणी, अपील आणि शेवटी पाडकाम अशा मार्गाने मालकाची आयुष्यभराची पुंजी आणि सरकारची प्रतिष्ठा दोन्ही पणाला लागतात. म्हणूनच 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने जोते पूर्ण होताच तपासणी मागण्याचे बंधन घातले आहे. लहान भूखंडांना सवलती आहेत, पण तपासणीचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही.

तोरणा आणि राजगड यांच्या कुशीतील मुलखात तर ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट किंवा त्याहून अधिक चढणारी जमीन कापणे, भरणे, सपाट करणे नियमावलीस मान्य नाही. आणि येथील कोसळणारा पाऊस ज्याने चार महिने अंगावर घेतला आहे, त्याला या निर्बंधाचे कारण वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. डोंगराचा पायथा खोदून उभी राहणारी विश्रामगृहे पाहताना माझे मन अस्वस्थ होते, कारण उतार एकदा कापला गेला की कोणत्याही हुकुमाने तो पूर्ववत होत नाही.

अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे, ही कायद्यातील तरतूद पुष्कळांना तोंडपाठ असते. परंतु नियमांशी सुसंगत असलेल्या बांधकामालाच तिचा आधार मिळतो, हा तिचा उत्तरार्ध मात्र विसरला जातो.

अग्निशमन अधिकाऱ्याचा अधिकार 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमातून येतो. शेतकऱ्याच्या साध्या घराशी त्याचा संबंध सहसा येत नाही. मंगल कार्यालय, वसतिगृह, मोठे गोदाम, कारखाना यांच्याशी येतो. त्याची प्रारंभिक ना-हरकत नकाशा कागदावर असतानाच घ्यावयाची असते, कारण बंब आत वळेल एवढी वाट, दुसरा जिना, पाण्याची टाकी या गोष्टी मागाहून भिंतीत कोरता येत नाहीत. शेजारच्या मुळशी तालुक्यात उरवडे येथे 7 जून 2021 रोजी कारखान्याला आग लागून पंधराहून अधिक कामगार, त्यांत बहुतेक स्त्रिया, प्राणास मुकले. नसरापूर सोडून वेल्ह्याच्या वाटेला लागलेल्या बंबाला किती वेळ लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. तो येईतो माणसांना बाहेर काढणारा जिना नकाशातच असला पाहिजे.

तेव्हा ज्यांचे चर येत्या दिवाळीनंतर खणले जावयाचे आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आपला गट कोणाच्या हद्दीत येतो हे आधी लेखी विचारून घ्यावे, आणि जोते झाल्यावर तपासणीचा शेरा हाती पडेपर्यंत वरची वीट रचू नये. भोगवटा प्रमाणपत्राचा विचार पुढील लेखांकात करू.