चार हजार डॉलरचा किल्ला

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील फोर्ट लॅरामी हा प्रारंभी लष्करी किल्ला नव्हताच. ती व्यापाऱ्यांची वखार होती. विल्यम सब्लेट आणि रॉबर्ट कॅम्पबेल यांनी 1834 साली लाकडी कोटाच्या आत ती थाटली. लाकोटा आदिवासी बायसनची कातडी आणीत आणि कापड, घोंगड्या, तंबाखू घेऊन जात. पुढे पश्चिमेकडे जाणाऱ्या स्थलांतरितांची रीघ लागली, तेव्हा त्यांच्या संरक्षणार्थ सैन्याने 1849 साली ही जागा 4,000 डॉलरला विकत घेतली.

1890 साली सैन्य निघून गेले आणि इमारतींचा लिलाव झाला. कित्येक केवळ लाकडासाठी मोडल्या गेल्या. छावणीतील दुकानदार जॉन हंटन यांनी काही वास्तू घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. 1938 साली हे राष्ट्रीय स्मारक झाले. आज पर्यटकांना 1849 मधील अधिकारी-निवास आणि जुन्या मालाने मांडलेले ते दुकानही पाहता येते.

येथील एक व्यवहार मात्र अद्याप मिटलेला नाही. 1868 च्या येथील करारान्वये ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटांच्या निर्वेध वहिवाटीसाठी राखून ठेवला होता. 1874 साली तेथे सोने आढळले आणि 1877 साली सरकारने तो काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली व्याजासह 10 कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. लाकोटांनी ती स्वीकारली नाही. त्यांना भूमी हवी आहे. ती रक्कम सरकारी खात्यात पडून असून तिच्यावर व्याज चढतच आहे.