तरंगणं वेगळं, उभं राहणं वेगळं

10 ऑगस्ट 1628 रोजी स्वीडनच्या राजाची ‘वासा’ ही नवीकोरी युद्धनौका स्टॉकहोम बंदरातून पहिल्या सफरीला निघाली. तिच्यावर 64 तोफा होत्या, त्यातल्या बहुतेक दोन मजल्यांवर ओळीनं मांडलेल्या. जेमतेम 1300 मीटर गेल्यावर वाऱ्याचा एक झोत आला. नौका डावीकडे कलली आणि सावरली. दुसऱ्या झोताला मात्र ती आणखी कलली, खालच्या ओळीतल्या तोफांच्या उघड्या खिडक्या पाण्याला टेकल्या आणि निरोप द्यायला जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती तळाला गेली. सुमारे तीस माणसं दगावली.

हीच वासा त्याआधी कित्येक महिने धक्क्याला बांधलेली होती आणि तिथं छान तरंगत होती. जहाजाचे हिशेब दोन असतात. एक तरंगण्याचा, दुसरा उभं राहण्याचा. पहिला जमला म्हणजे दुसराही जमला, असं होत नाही.

पहिला हिशेब सोपा आहे आणि तो आर्किमिडीजनं सांगून ठेवला आहे. जहाज जेवढं पाणी बाजूला सारतं, तेवढ्या पाण्याच्या वजनाचा रेटा त्याला वर मिळतो. समुद्राचं एक घनमीटर पाणी साधारण 1025 किलो भरतं, गोडं पाणी 1000 किलो. म्हणून तेच जहाज तोच माल घेऊन समुद्रातून नदीत शिरलं, की थोडं जास्त बुडतं. मालवाहू जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि त्याशेजारी आडव्या रेघांची शिडी रंगवलेली दिसते. कुठल्या पाण्यात आणि कुठल्या ऋतूत किती खोलवर भरायचं, त्याच्या त्या मर्यादा. त्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भांडणारे सॅम्युएल प्लिमसोल यांचं नाव त्या खुणेला कायमचं चिकटलं. ब्रिटनमध्ये ती 1876 च्या कायद्यानं सक्तीची झाली.

दुसरा हिशेब जरा सावकाश घ्यायला हवा.

जहाजाचं सगळं वजन एका बिंदूतून खाली ओढतं असं मानता येतं. तो गुरुत्वमध्य. पाण्याचा सगळा रेटा दुसऱ्या एका बिंदूतून वर ढकलतो. तो उत्प्लावनमध्य, म्हणजे बुडालेल्या भागाच्या आकाराचा मध्य. जहाज सरळ उभं असतं तेव्हा दोन्ही एकाच उभ्या रेषेत असतात. अनेकांना वाटतं, की गुरुत्वमध्य खाली आणि रेट्याचा बिंदू वर असेल तरच जहाज टिकेल. बहुतेक जहाजांत प्रत्यक्षात उलटं असतं. वजनाचा बिंदू वर असतो, तरी ती उलटत नाहीत.

याचं कारण असं, की कलल्यावर गुरुत्वमध्य जहाजात आहे तिथंच राहतो (माल घट्ट बांधलेला असेल तर), पण उत्प्लावनमध्य हलतो. ज्या बाजूला जहाज कललं ती बाजू जास्त बुडते, त्यामुळे बुडालेल्या आकाराचा मध्यही तिकडे सरकतो. आता वरचा रेटा आणि खालची ओढ एका रेषेत राहत नाहीत. दोघांत थोडं अंतर पडतं आणि त्या अंतराच्या जोरावर जहाज परत फिरवलं जातं. नव्या जागेवरून रेट्याची उभी रेषा वर काढा. ती जहाजाच्या मधल्या रेषेला जिथं छेदते, तो मेटासेंटर. थोडं कललेलं जहाज जणू या बिंदूला टांगलेल्या झोपाळ्यासारखं झुलतं. गुरुत्वमध्य या कडीच्या खाली असेल तर जहाज सावरतं, वर गेला तर कलंडतं. फ्रान्सच्या पिएर बुगेनं हे 1746 मध्ये ग्रंथात मांडलं, वासा बुडाल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. वासा बांधणाऱ्यांकडे अनुभव होता, हे गणित नव्हतं.

गणित रुंदीवर फार अवलंबून असतं. मांडवी-झुआरीत लोहखनिज वाहणारे बार्ज असतात, तसा एक सपाट तळाचा, आयताकृती बार्ज कागदावर घेऊ. रुंदी 10 मीटर, पाण्याखाली 2 मीटर. उत्प्लावनमध्य तळापासून 1 मीटरवर. त्याच्या वर मेटासेंटर किती, हे काढायला रुंदीचा वर्ग करायचा आणि पाण्याखालच्या खोलीच्या बारापटीनं भागायचं. 100 भागिले 24, म्हणजे 4.17. तेव्हा मेटासेंटर तळापासून 5.17 मीटरवर. माल भरून गुरुत्वमध्य 3 मीटरवर आला तर हाताशी 2.17 मीटर उरतात. आता रुंदी 8 मीटर करा, बाकी सगळं तेच. उरतात 67 सेंटिमीटर. 7 मीटर केली तर फक्त 4 सेंटिमीटर! कोकणातल्या होडीला बाजूला उलांडी बांधतात ती याचसाठी. अरुंद होडी न फुगवता पाण्यावरची रुंदी वाढते.

वासाला दोन मजली तोफांनी आणि उंच बांधणीनं वर ओढलं होतं. निघण्यापूर्वी तीस माणसांना डेकवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पळवून परीक्षा घेतली गेली. तिसऱ्या फेरीनंतर ती थांबवली, कारण नौका भीती वाटावी इतकी डोलत होती. तरीही ती निघालीच. मग तळाशी दगडांचं नीरम आणखी का घातलं नाही? तिथं दोन्ही हिशेब एकमेकांच्या पायात येतात. नीरम वाढवलं की गुरुत्वमध्य खाली येतो, पण जहाजही खाली बसतं आणि तोफांच्या खिडक्या पाण्याच्या अजून जवळ येतात. माझ्या मते वासाचा खरा दोष तिच्या आकारातच होता. पाण्याखालचं अंग लहान आणि वरचा बोजा भारी. बंदरात उभं राहून तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता.

मेटासेंटर जितका उंच तितकं बरं, असंही नाही. ही उंची फार झाली तर जहाज झटक्यानं परत येतं, माल बांधलेले दोर तुटतात, खलाशांचे हाल होतात. उंची कमी असलेलं जहाज संथ डोलतं आणि प्रवाशांना ते सुखाचं वाटतं. नेहमीपेक्षा सावकाश परतणारा हेलकावा मात्र धोक्याची सूचना असते. लांबच्या सफरीत तळाच्या टाक्यांतलं इंधन संपत जातं तसा गुरुत्वमध्य वर चढतो, म्हणून निघतानाचाच नव्हे, पोचतानाचाही हिशेब करावा लागतो.

सगळ्यात घातक, हलणारं वजन. आपला बार्ज 50 मीटर लांब धरला तर सगळ्यासकट वजन 1025 टन. त्यावर सरासरी 60 किलोची 600 माणसं आहेत आणि ती सगळी 4 मीटर एका बाजूला सरकली, तर 2.17 मीटरची पुंजी असलेला बार्ज चारेक अंश कलेल. पुंजी 30 सेंटिमीटर असेल तर तोच हिशेब 25 अंशांवर जातो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोट कलली तेव्हा प्रवासी एका बाजूला धावले, असं त्या दुर्घटनेबद्दल सांगितलं जातं.

माणसांना निदान ओरडून थांबवता तरी येतं. पाणी ऐकत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. किती पाणी आहे यापेक्षा त्याचा पृष्ठभाग किती रुंद, हे इथं महत्त्वाचं. म्हणून तेलवाहू जहाजाच्या टाक्यांत लांबीच्या दिशेनं भिंती घालतात. मधोमध एक भिंत घातली की हा परिणाम चौथाईवर येतो. गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत मात्र गाड्या एका टोकानं चढून दुसऱ्या टोकानं उतराव्यात, म्हणून वाहनांचा डेक सलग मोकळा ठेवतात. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ नाळेचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली. पाणी त्या मोकळ्या डेकवर पसरलं आणि काही मिनिटांत बोट आडवी झाली. 193 माणसं गेली. दरवाजा बंद आहे की नाही, हे कप्तानाला सुकाणूच्या जागेवरून दिसत नव्हतं. तिथं ते सांगणारा दिवा बसवणं पुढं नियमानं बंधनकारक झालं.