संगणकाचा हुकूम, फोनचा जबाब

अँड्रॉइड स्टुडिओत प्लग-इनच्या मेनूतला एक पर्याय निवडला, की शेजारी पडलेल्या फोनमधल्या अ‍ॅपचा सगळा डेटा पुसला जातो आणि संगणकाच्या पडद्यावर 'सक्सेस' उमटते. फोनला कुणी बोटही लावलेले नसते. तेवढ्या क्षणात निदान चार प्रोग्राम एकमेकांशी बोलून मोकळे झालेले असतात.

प्लग-इन फोनशी थेट बोलत नाही. संगणकावर अँड्रॉइड डीबग ब्रिजचा, म्हणजे 'एडीबी'चा, सर्व्हर ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर कान देऊन बसलेला असतो. प्लग-इन त्याला निरोप देतो. सर्व्हर तो यूएसबी केबलमधून किंवा वाय-फायवरून फोनमधल्या 'एडीबीडी' या प्रोग्रामकडे पोचवतो आणि मग फोनच्या शेलमध्ये आदेश चालतो.

निरोपाची रीत गमतीची आहे. आधी मजकुराची लांबी चार अंकांत सांगायची, तीही सोळाच्या मोजणीत. सर्व्हरची आवृत्ती विचारायची तर मजकूर असतो 'होस्ट:व्हर्जन'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधल्या विरामचिन्हासह ही १२ अक्षरे होतात आणि सोळाच्या मोजणीत १२ म्हणजे 'सी'. म्हणून पुढे '०००सी' जाते, मागून मजकूर. सर्व्हरकडून चार इंग्रजी अक्षरांचे उत्तर येते: 'ओके' (OKAY) किंवा 'फेल' (FAIL).

नवखा प्रोग्रामर फसतो तो इथे. शेलच्या आदेशाला मिळालेल्या 'ओके'चा अर्थ 'मागणी स्वीकारली' एवढाच. काम झाले की नाही, हे त्यातून कळत नाही. अँड्रॉइड ७ येईपर्यंत, म्हणजे २०१६ पर्यंत, आदेश यशस्वी झाला की फसला हे सांगणारा निकालाचा आकडा एडीबी परतच आणत नसे. मग लोक आदेशाच्या शेपटीला 'आता निकाल छापून दाखव' असा दुसरा आदेश जोडत आणि आलेल्या मजकुरातून तो आकडा वेचून काढत. जुगाडच, पण चोख चालणारा.

हुकूम सोडून जबाब येईपर्यंत जागीच थांबायचे, याला सिंक्रोनस पद्धत म्हणतात. लिहायला ही सर्वांत सोपी, कारण कोड वरून खाली सरळ वाचता येतो. मात्र मेनू आणि माउसचे क्लिक सांभाळणाऱ्या थ्रेडवरच हे थांबणे आले, तर अख्खा स्टुडिओ गोठतो. म्हणून जाणते लोक ही वाट पाहण्याची जबाबदारी पार्श्वभूमीतल्या थ्रेडवर टाकतात.

थांबायचे तरी किती? अनेक प्लग-इन्सनी वापरलेल्या 'डीडीएमलिब' या लायब्ररीत पाच सेकंदांची मुदत ठरलेली होती. ती पूर्ण कामाची नसून शांततेची मुदत आहे. फोनकडून अधूनमधून काही मजकूर येत राहिला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सलग पाच सेकंद शुकशुकाट झाला, की 'शेल प्रतिसाद देत नाही' असा अपवाद फेकला जातो.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातले अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी दूरच्या यंत्रावरची प्रोसिजर हाक मारून चालवण्याची आपली पद्धत १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी अशी मुदतच ठेवली नव्हती. उत्तराला उशीर झाला, तर मधूनमधून 'आहेस ना?' अशी चौकशी करायची आणि पलीकडचे यंत्र जिवंत आहे तोवर थांबायचे. त्यांची हमीही मोजूनमापून दिलेली होती: उत्तर आले तर काम नेमके एकदाच झाले, चूक कळवली गेली तर काम एकदा झाले असेल किंवा झालेच नसेल.

हे 'किंवा' एडीबीलाही चुकलेले नाही. केबल सुटली तेव्हा आदेश फोनवर पोचून पुरा झालेला असू शकतो. डेटा पुसण्याचा आदेश दुसऱ्यांदा दिल्याने बिघडत नाही. फोनवर अक्षरे टाइप करण्याचा आदेश पुन्हा दिला, तर तोच मजकूर दोनदा उमटतो. म्हणून मुदत टळल्यावर 'काम फसले' असे ठोकून देणारा प्लग-इन कच्चा समजावा. त्याने 'उत्तर आले नाही' एवढेच सांगावे आणि तोच आदेश पुन्हा धाडण्याआधी फोनची स्थिती विचारून घ्यावी.