शत्रूचं विमान हाती लागलं तर त्याचं काय करतात?

आमच्या मावळात डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की सगळे मान वर करतात. परवा कामशेतला एका मित्राने विचारलं, "आपलं असं विमान शत्रूला मिळालं तर?"

तसं घडलंय. ३ सप्टेंबर १९६५ ला आपलं एक नॅट पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. पायलट युद्धकैदी झाला. ते विमान आज कराचीच्या संग्रहालयात आहे.

पण अशा विमानात नेमकं काय तपासतात, हे कळायला जपानी झीरोची गोष्ट बघा. ४ जून १९४२ ला अलास्काजवळच्या अकुतान बेटावर तादायोशी कोगा याने गोळी लागलेलं झीरो उतरवलं. जमीन दलदलीची निघाली, चाकं रुतली, विमान उलटलं आणि कोगा गेला. असं विमान नष्ट करायचा हुकूम होता, पण तो जिवंत असेल या आशेने सोबत्यांनी गोळ्या झाडल्या नाहीत. महिनाभराने ते अमेरिकनांना दिसलं. त्यांनी ते सॅन दिएगोला नेऊन दुरुस्त केलं आणि सप्टेंबरमध्ये उडवलंसुद्धा!

मोबाईलचं कसं, नुसता उघडून कळत नाही, वापरून कळतं. तसंच हे. ताशी साधारण ३७० किमीच्या वर झीरोचे कंट्रोल जड व्हायचे, त्यात उजवीकडे कलायला जास्तच जोर लागायचा.

दुसरी खोड कार्ब्युरेटरची. जुन्या बाईकमध्ये असतो तोच, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा. एसटी उंचवट्यावरून जोरात गेली की आपण सीटवरून उचलले जातो ना? पायलटने झटकन नाक खाली घातलं की टाकीतलं नव्हे, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल तसंच वर उसळायचं आणि इंजिन बंद पडायचं. मग अमेरिकन पायलटांना सांगितलं गेलं: झीरो मागे लागलं तर सूर मारा, वेग वाढवा आणि उजवीकडे वळा.

आता रील्समध्ये फिरणारी एक थाप. म्हणे हे झीरो बघूनच अमेरिकेने हेलकॅट विमान डिझाईन केलं. तारखा बघा: हेलकॅटचं पहिलं उड्डाण २६ जून १९४२ चं. अमेरिकनांना झीरो सापडलं १० जुलैला.