हृदयाशेजारची गाठ: पाणी की मांस?

समजा, नोकरीआधीच्या मेडिकलसाठी कुणीतरी छातीचा एक्स-रे काढला. खोकला नाही, धाप नाही. पण हृदयाची उजवी कड जिथे श्वासपटलाला टेकते, त्या कोपऱ्यात एक गुळगुळीत गोल सावली दिसते. 'गाठ' म्हटलं की घरच्यांच्या डोक्यात कॅन्सरच येतो. खरं तर ती पेरिकार्डियल सिस्ट असू शकते: हृदयाच्या आवरणाला चिकटलेली, पाण्यासारख्या द्रवाची पातळ पिशवी. बहुधा जन्मजात, साधारण लाखात एकाला आढळणारी, आणि बहुतेकदा याच उजव्या कोपऱ्यात.

अडचण अशी की चरबीचा गोळा, मॉर्गाग्नी हर्निया, वाढलेले लिम्फ नोड हेही तिथेच दिसतात. एक्स-रेमध्ये शेवटी सावलीच दिसते, आत काय भरलंय ते कळत नाही.

सीटीमध्ये ते आकड्यात कळतं. हाउन्सफील्ड मोजपट्टीवर हवा −1000, चरबी −100 च्या आसपास, पाणी 0. सिस्ट सहसा 0 ते 20 मध्ये येते. चरबीचा गोळा तर इथेच बाद होतो.

आता खरी गोम. द्रवात प्रथिनं जास्त असली किंवा आत रक्तस्राव झाला असला, तर आकडा 30-40 वर जातो आणि सिस्ट घन गाठीसारखी दिसते. त्यात फक्त कॉन्ट्रास्टनंतरचा स्कॅन हातात असेल तर तुम्ही अडकलात. हे 40 मुळातलेच, की कॉन्ट्रास्टमुळे वाढलेले? एका स्कॅनवरून सांगता येत नाही. आधी 40 आणि नंतरही 40, तर आत कॉन्ट्रास्ट पोचलंच नाही, म्हणजे सिस्टची शक्यता बळावते. आधी 35 आणि नंतर 75 असेल, तर आत रक्तपुरवठा असलेली ऊती आहे. मग बायोप्सीचा विचार करावाच लागतो. (दोन-चार आकड्यांचा फरक मात्र नॉइजमध्येच जातो, त्यावर इमले बांधू नका.)

एवढं करूनही शंका उरली तर एमआरआय. द्रव टी2 प्रतिमेत लख्ख पांढरा दिसतो. टी1 मध्ये साधा द्रव काळपट असतो, पण प्रथिनयुक्त द्रव तिथेही उजळू शकतो, त्यामुळे नुसत्या टी1 वर विसंबू नका.

म्हणून पेपरमध्ये 'नॉन-एन्हान्सिंग' शब्द दिसला की लगेच मेथड्स उघडा आणि कॉन्ट्रास्टआधीचा स्कॅन केला होता का, ते शोधा. निदान पक्कं झालं आणि त्रास नसेल, तर अशा माणसाला सहसा ऑपरेशन लागत नाही. अधूनमधून इको करून गाठीवर लक्ष ठेवतात.