एचआयव्हीरोधी वनस्पतिज संयुगे

वनस्पतींत नैसर्गिक रीत्या तयार होणाऱ्या व मानवी प्रतिरक्षान्यूनता विषाणूच्या (एचआयव्हीच्या) वाढीस प्रतिबंध करणाऱ्या रासायनिक पदार्थांना ही संज्ञा लावतात. अशी अनेक संयुगे प्रयोगशाळेत आढळली आहेत. तथापि त्यांपैकी एकही या विषाणूवर थेट क्रिया करणारे मान्यताप्राप्त औषध म्हणून प्रचारात आलेले नाही. याची कारणे पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात आढळणाऱ्या तीन वृक्षांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होतात.

हिरडा (टर्मिनॅलिया चेब्युला) : याची कोवळी फळे (बाळहिरडा) गोळा करून वाळवून विकणे हे येथील महादेव कोळी जमातीच्या उपजीविकेचे महत्त्वाचे साधन आहे. फळांतील गॅलॉइल ग्लुकोज संयुगे विषाणूच्या इंटिग्रेज या एंझाइमाला रोध करतात, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. विषाणूचे आनुवंशिक द्रव्य मानवी कोशिकेच्या डीएनएमध्ये जोडणे हे या एंझाइमाचे कार्य होय. परंतु ही टॅनीन वर्गातील संयुगे इतर अनेक प्रथिनांनाही चिकटतात व त्यांचे मोठे रेणू आतड्यातून फारसे शोषले जात नाहीत. त्यामुळे परीक्षानळीतील परिणाम शरीरातही होईल, असे मानता येत नाही.

नरक्या (नोथापोडायटिस निम्मोनियाना) : भीमाशंकरच्या अरण्यात आढळणाऱ्या या लहान वृक्षात कॅम्प्टोथेसीन हे अल्कलॉइड असते. मन्रो वॉल व नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी ते १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून वेगळे केले; गोविंदाचारी व विश्वनाथन यांना ते १९७२ मध्ये नरक्यात आढळले. त्याने विषाणूची वाढ थांबते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु ते ज्या टोपोआयसोमरेज एंझाइमावर क्रिया करते, ते मानवी कोशिकांचेच असते. परिणामी अस्थिमज्जेसही इजा पोहोचते. त्याच्यापासून बनविलेली टोपोटेकान व इरिनोटेकान ही औषधे कर्करोगावर वापरतात. या मागणीमुळे सह्याद्रीत नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली.

जांभूळ (सायझिजियम क्युमिनाय) : याच्या सालीत बेट्युलिनिक अम्ल असते. जांभळाच्याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीच्या पानांतून मिळालेल्या या अम्लाचा विषाणुरोधी गुण १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रासायनिक बदल करून बेव्हिरिमॅट तयार करण्यात आले. ते नव्या विषाणुकणांना पक्व होऊ देत नाही. माणसांवरील चाचण्यांपर्यंत ते पोहोचले; पण अनेक रुग्णांतील विषाणूंच्या गॅग प्रथिनात मुळातच असे भेद होते, की त्यांवर औषध लागू पडेना. २०१० मध्ये त्याचा विकास थांबविण्यात आला. मात्र त्यातून विषाणूवर आघात करण्याचे एक नवे स्थान ज्ञात झाले.

यावरून संयुग केवळ प्रभावी असून भागत नाही. ते विषाणूपुरतेच घातक, शरीरात शोषले जाणारे व विषाणूच्या बदलत्या रूपांवरही लागू पडणारे असावे लागते, हे लक्षात येते. म्हणून काढे वा चूर्णे यांवर विसंबून रुग्णाने संयुक्त औषधोपचार सोडणे धोक्याचे ठरते. हे उपचार भारतात शासनाकडून २००४ पासून विनामूल्य मिळतात.

संशोधनासाठी मूळ वृक्ष टिकणेही तितकेच आवश्यक आहे. मलेशियातील सारावाक येथे कॅलॅनोलाइड हे एचआयव्हीरोधी संयुग ज्या झाडाच्या नमुन्यातून मिळाले, ते झाड संशोधक पुन्हा तेथे गेले तेव्हा तोडले गेलेले होते.